याद श्निया (इस्रायलमधील जुन्या घराची खरेदी)

याद श्निया म्हणजे हिब्रूत शब्दशः 'दुसरा हात'. बिल्डरकडून नव्हे, तर आधीच्या मालकाकडून घेतलेल्या घराला इस्रायलमध्ये असे म्हणतात. घेणारा बहुधा तिथला रहिवासी असतो किंवा 'ओले हादाश', म्हणजे १९५० च्या परतीच्या कायद्याखाली (जगभरच्या ज्यूंना इस्रायलमध्ये वसण्याचा हक्क देणारा कायदा) नुकताच स्थायिक झालेला स्थलांतरित. व्यवहाराची रीत दोघांना एकच. फरक पडतो तो करात, आणि समोरचा कागद वाचता येतो की नाही यात.

देशातील सुमारे ९३ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे, त्यामुळे अनेक घरे ४९ किंवा ९८ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. २००९ च्या सुधारणेनंतर शहरांतील बऱ्याच घरांचा पट्टा मालकीत बदलता येऊ लागला. म्हणून पहिला प्रश्न असतो : हक्क नोंदला आहे कुठे? बहुतेकदा 'ताबू'त. हा उस्मानी काळातल्या 'तापू'वरून आलेला, जमीन नोंदणी कार्यालयाचा रूढ शब्द. तिथला उतारा म्हणजे 'नेसाख ताबू', आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊच. मालक कोण, बँकेचा बोजा किती, जप्ती आहे का, हे त्यावर दिसते. काही जुन्या इमारतींची नोंद मात्र ताबूत नसून भूमी प्राधिकरणाकडे किंवा वसाहत बांधणाऱ्या कंपनीकडे सापडते.

सर्वांत मोठा सापळा सर्वांत लहान कागदात आहे. घर पसंत पडले की दलाल किंवा विक्रेता 'झिख्रोन द्वारिम'वर सही मागतो. आपल्याकडच्या विसार पावतीसारखे हे पानभर टिपण. 'नुसते टिपण तर आहे' म्हणून सही केली, तर त्यात किंमत, घर आणि हेतू स्पष्ट असल्यास न्यायालय त्यालाच बंधनकारक करार मानू शकते. उतारा न पाहता ही सही करणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

रीतसर करारात दोन्ही बाजूंचे वकील बहुधा वेगळे असतात. सहीच्या वेळी साधारण १० टक्के रक्कम दिली जाते. सावध वकील ती स्वतःच्या विश्वस्त खात्यात अडकवून ठेवतो आणि ताबूत 'हेआरात अझहारा', म्हणजे इशाऱ्याची नोंद, चढल्यावरच सोडतो. १९६९ च्या भूमी कायद्यातील ही नोंद एकदा पडली की तेच घर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि विक्रेत्याच्या नंतरच्या धनकोंपासूनही खरेदीदार सुरक्षित राहतो. सही आणि अंतिम नोंदणी यांत कित्येक महिने जातात. तेवढा काळ खरेदीदार याच एका ओळीच्या भरवशावर असतो. विक्रेत्याचे कर्ज असल्यास हप्त्यातील पैसे आधी त्याच्या बँकेला जातात. नफ्यावरचा कर आणि पालिकेची येणी चुकती झाल्याचे दाखले येईपर्यंत शेवटची रक्कम रोखून धरतात.

खरेदीदाराचा कर म्हणजे 'मास रेखिशा'. रहिवाशाच्या एकमेव घराला २०२५ च्या दरांनुसार १९,७८,७४५ शेकेलपर्यंत तो शून्य आहे, पुढे ३.५ टक्के, मग ५ टक्के. ऑगस्ट २०२४ पासून ओलेलाही त्याच मर्यादेपर्यंत शून्य, पण त्यावर ६०,५५,०७० शेकेलपर्यंत केवळ अर्धा टक्का. २५ लाख शेकेलच्या घरावर रहिवासी सुमारे २०,५०० शेकेल भरतो, तर ओले सुमारे २,६००. परदेशस्थ खरेदीदाराला पहिल्या शेकेलपासून ८ टक्के, म्हणजे २ लाख. ओलेची सवलत येण्याआधीच्या एका वर्षापासून आल्यानंतरच्या सात वर्षांपर्यंत मिळते. व्यवहार ३० दिवसांत कर खात्याला कळवावा लागतो. 'मश्कांता' म्हणजे गृहकर्ज एकमेव घराला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळते.

घर पाहताना मराठी माणसाचा हिशेब आधी चुकतो. जाहिरातीतल्या तीन खोल्यांत दिवाणखाना धरलेला असतो. ते आपले टू बीएचके. 'साडेतीन खोल्या' ऐकून हसू येते, पण अर्धी खोली तिथे रूढच. जुन्या इमारतीत बहुधा 'मामाद' नसतो. १९९१ च्या आखाती युद्धातील क्षेपणास्त्रांनंतर नव्या घरांना सक्तीची झालेली ही पोलादी दाराची सुरक्षित खोली. ती नसेल तर तळघरातील सामाईक आश्रयस्थान गाठावे लागते. झाकून घेतलेली बाल्कनी दिसली, तर तिला परवानगी होती का हे पाहायला पालिकेतील बांधकामाची फाईल चाळावी.

कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंचा संबंध याच जुन्या घरांशी अधिक आला. दिमोना, बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद इथे १९५० नंतर स्थलांतरितांसाठी 'शिकुन' उभे राहिले : तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या चाळवजा इमारती. आज बाजारात येणाऱ्या याद श्निया घरांत त्यांचा भरणा मोठा आहे. मुंबईसारखा पुनर्विकासाचा हिशेबही तिथे चालतो. १९८० पूर्वी परवानगी मिळालेल्या इमारतींना भूकंपासाठी मजबूत करण्याची 'तामा ३८' योजना २००५ ची; आता ती बहुतेक ठिकाणी संपली आहे. इमारतींचा अख्खा समूह पाडून नव्याने बांधणे ते 'पिनुई-बिनुई'. 'उद्या नवी इमारत होणार' या आशेवर विक्रेता किंमत चढवतो, पण शेजाऱ्यांच्या सह्या गोळा होईतो वर्षे जातात. पागडीलाही तिथे जुळे भावंड आहे, 'दमेइ मफ्तेआख', किल्लीचे पैसे. अशा घरात विकला जातो तो भाडेकरूचा संरक्षित हक्क, मालकी नव्हे.

किल्ल्या मिळाल्या की वीज, पाणी आणि 'आर्नोना' ही पालिकेची घरपट्टी स्वतःच्या नावे करून घ्यावी लागते. ओलेला पहिल्या दोन वर्षांतील बारा महिने, १०० चौरस मीटरपर्यंत, घरपट्टीत ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. त्यासाठी पालिकेकडे अर्ज करावा लागतो.