लुडबुडीमागचे विज्ञान

जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी अगदी साधी होती. एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालता घालता हातातला चिमटा खाली पाडतो आणि तो उचलण्याची धडपड करतो, पण त्याचा हात पोहोचत नाही. समोर जेमतेम दीड वर्षाचे मूल असते. हा माणूस मदतीबद्दल शाबासकी देत नाही आणि बक्षीसही देत नाही. तरीही २४ पैकी २२ मुलांनी अशा निरनिराळ्या प्रसंगांपैकी निदान एकात मदत केली, आणि तीही बहुधा काही सेकंदांतच. चिमटा मुद्दाम खाली टाकला, तर मात्र मुले तो उचलून द्यायला सहसा पुढे येत नसत. मूल केवळ वस्तू उचलण्याच्या खेळात रमलेले नव्हते, समोरच्याची अडचण त्याला कळली होती, असा याचा अर्थ होतो.

घरकामाच्या बाबतीत हेच निरीक्षण त्याआधी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरिएट राइनगोल्ड यांनी केले होते. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी प्रयोगशाळेत मांडलेल्या घरासारख्या खोलीत केर काढणे, कपड्यांच्या घड्या घालणे, टेबल मांडणे अशी कामे करायला सांगितली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेक मुले आपण होऊन कामात सामील झाली. राइनगोल्ड यांनी नोंदवलेली आणखी एक बाब मला अधिक बोलकी वाटते: घरी मात्र काही पालक मूल झोपलेले असतानाच ही कामे उरकून घेत, कारण त्याच्या मदतीची त्यांना अडचण होत असे. मराठी घरांतही याहून वेगळे काही घडत नाही. कणकेला हात लावणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला आपण खेळणे देऊन बाजूला बसवतो आणि तेच मूल दहा वर्षांचे झाले की ते स्वतःचे ताटही उचलत नाही, अशी तक्रार करतो.

मदतीची हौस टिकवण्यासाठी बक्षिसे द्यावीत, असे कोणाला वाटेल. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर नेमके हेच तपासले. काही मुलांना प्रत्येक मदतीनंतर खेळणे मिळाले, काहींना शाबासकी आणि काहींना काहीच नाही. पुढच्या टप्प्यात, बक्षीस बंद झाल्यावर, खेळणे मिळवलेली मुले काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. शाबासकीने तसे नुकसान झाले नाही. काम करण्यातच जो आनंद होता, त्याची जागा मोबदल्याने घेतली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मग ही हौस टिकते कशाने? मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या आयांशी बोलून केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. आदिवासी वारसा असलेल्या कुटुंबांतील मुले भावंडांना सांभाळणे, स्वयंपाकात हातभार लावणे अशी साऱ्या घराची कामे न सांगता करत, तर शहरी सुशिक्षित कुटुंबांतील मुलांकडे मुख्यतः स्वतःपुरती, तीही आईने नेमून दिलेली कामे असत. पाहणी लहान होती आणि माहिती आयांच्या तोंडची होती, त्यामुळे तिच्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी पहिल्या गटातील मुले लहानपणापासून मोठ्यांच्या कामात त्यांच्याबरोबर वावरत होती, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

अंगणातले किंवा गच्चीवरच्या कुंड्यांतले काम अशा सहभागासाठी विशेष सोयीचे आहे, कारण माती सांडली तरी बिघडत नाही. पीक मात्र मुलाच्या धीराला झेपेल असे निवडावे. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि साधारण महिन्याभरात भाजीला येते; आंब्याची कोय लावून दोन वर्षांच्या मुलाला काही दाखवता येत नाही. अवजारांचाही विचार करावा. दोन वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे १२ किलो असते, म्हणून एक लिटर पाण्याने भरलेली झारी त्याच्यासाठी ६० किलोच्या माणसाने पाच किलो उचलण्यासारखी असते, शिवाय चालताना पाणी हिंदकळते ते वेगळेच. झारी अर्ध्यापर्यंत भरावी. खुरप्याला धार असते, तेव्हा ते मोठ्यांच्याच हाती ठेवून बी टाकणे आणि माती सारखी करणे मुलाकडे द्यावे, पण दोघांनी एकाच वाफ्यावर बसावे. वाकडी पडलेली ओळ मूल पाहत असताना सरळ करू नये. दाट उगवलेली रोपे पुढे विरळ करावीच लागतात आणि उपटलेली कोवळी मेथी आमटीत घालता येते.