पॅकेट वाटेत गेलं की राउटरनं टाकून दिलं?

राउटरवर नवं कर्नल (त्याच्या प्रणालीचा गाभा) चढवलं आणि पिंग (नेट पोचतंय का ते बघणारी चाचणी) मधूनमधून गळायला लागला, की दोष थेट कर्नलच्या माथी. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या प्रणालीची २३.०५ आवृत्ती लिनक्स कर्नल ५.१५ वर होती, २४.१० आली ती ६.६ वर. एवढी उडी म्हटल्यावर संशय येणारच. गावातल्या सेवा केंद्रावरून फोन येतो, "भाऊ, अपडेट केलं तवापासून नेट तुटून रायलं, जुनंच परत चढवून द्या नं." जुनं चढवायला हरकत नाही, पण आधी एवढं ठरवा: पॅकेट (डेटाचा तुकडा) राउटरपर्यंत धड पोचलंच नाही, की पोचलं आणि राउटरनं टाकलं?

कापसाची एक गाडी वाटेतच नाल्यात उलटते. दुसरी बाजार समितीच्या गेटापर्यंत येते आणि यार्डात जागा नाही म्हणून परत जाते. घरी पैसा दोन्ही वेळा येत नाही, आणि पिंगला तेवढंच दिसतं. गाडीचं काय झालं ते दिसतं राउटरच्या काउंटरमध्ये. 'आयपी' कमांडकडून इंटरफेसची (नेटवर्क जोडणीची) आकडेवारी मागितली की 'एरर्स' (बिघडलेली) आणि 'ड्रॉप्ड' (टाकलेली) हे दोन रकाने शेजारीशेजारी येतात, आणि घाईत दोन्ही एकच समजले जातात.

एरर्समधला महत्त्वाचा आकडा सीआरसीचा. केबलवर पॅकेट ज्या वेष्टनात जातं ती ईथरनेट फ्रेम; प्रत्येक फ्रेमच्या शेपटीला ४ बाइटची तपासणी-बेरीज असते, तीच सीआरसी. फ्रेम आली की नेटवर्क कार्ड ती बेरीज पुन्हा करतं आणि जुळली नाही तर फ्रेम तिथंच फेकतं. कर्नलच्या हाती ती फ्रेम येतच नाही, म्हणून सीआरसीच्या चुका वाढत असतील तर बहुतेक वेळा दोष केबलचा आणि काम शिडी आणि क्रिम्पिंग टूलचं असतं. राउटरच्या आत स्विच चिप असेल तर मुख्य इंटरफेसचा आकडा शून्य दिसून फसवतो. ईथटूल या कमांडनं एकेका लॅन पोर्टचा हिशेब वेगळा काढावा लागतो.

आपल्याकडे ही केबल बहुतेक टिनाच्या छपरावरून गेलेली असते. घरात वापरायची साधी पीव्हीसी केबल, वर मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन. वेष्टन तडकतं, जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि कनेक्टरच्या पिना हिरवट पडतात. एकदा ब्लेडनं तार खरवडून बघा. आतून पांढरी चकाकली, तर ते तांबं नाही, वर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तालुक्याच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या बंडलात हेच असतं, आणि दुकानदार ते कधी स्वतःहून सांगत नाही.

मग केबल नेमकी अपडेटच्याच दिवशी कशी बिघडली? ती बिघडलेली आधीच होती. अपडेट म्हणजे रिबूट, आणि रिबूट म्हणजे दोन्ही टोकांनी वेग नव्यानं ठरवणं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या धड लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एखादी जोडी कमकुवत असली तरी जुनी लिंक कशीबशी टिकून असते. नव्यानं बोलणी झाली की ती १०० वर बसते. गोंधळाची खरी जागा ही आहे. १०० वर उतरलेल्या पोर्टच्या तोंडाशी रांग लागते, राउटर रांगेतली पॅकेटं टाकतो, आणि दोष तारेचा असूनही पॅकेट टाकणारा राउटर दिसतो. म्हणून ईथटूलमध्ये वेगाची ओळ आधी वाचा. रिबूटनं काउंटर शून्यावर येतात, तेव्हा अपडेटआधी त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

आता राउटरनं स्वतः टाकलेली पॅकेटं. 'ड्रॉप्ड'मधला प्रत्येक आकडा काही रोग नसतो. कर्नल २.६.३७ पासून, ज्या प्रोटोकॉलला राउटरवर कुणी वाली नाही अशा फ्रेमही त्यातच मोजल्या जातात. शेजारच्या स्विचनं दर काही सेकंदांनी सोडलेली ओळखपत्रं त्यात येतात, आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही. राउटरमधलं रांग सांभाळणारं एफक्यू-कोडेलसुद्धा उशीर वाढू नये म्हणून मुद्दाम पॅकेट टाकतं (त्याचा हिशेब 'टीसी' कमांडमध्ये वेगळा दिसतो); पाठवणाऱ्याकडचं टीसीपी त्यावरूनच वेग आवरतं.

खरी अडचण शोधायची तर सॉफ्टनेट स्टॅट ही फाइल उघडा. प्रत्येक सीपीयूची एक ओळ, आकडे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचे). पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकलेल्यांचा, तिसरा कोटा संपल्यामुळे काम अर्धं सोडल्याचा. तिसरा एकाच ओळीत वाढतोय आणि बाकीचे सीपीयू रिकामे बसलेत, तर सगळे इंटरप्ट (नेटवर्क कार्डाच्या 'काम आलं' अशा हाका) एकाच सीपीयूवर पडतायत. अपडेटनंतर असं होण्याचं कारण फार साधं असतं: ओपनडब्ल्यूआरटीचं नेहमीचं सिसअपग्रेड (अपडेट चढवणारी कमांड) सेटिंग जपतं, पण आपण वरून टाकलेली पॅकेजेस जपत नाही. हा भार सीपीयूंमध्ये वाटणारं आयआरक्यूबॅलन्स बसवलेलं असेल तर ते गेलं. दोष अपडेटचाच, पण कर्नलचा नाही.

कॉनट्रॅकचं, म्हणजे चालू जोडण्यांच्या नोंदीचं, टेबल भरलं तर लक्षण चमत्कारिक असतं. चालू असलेला पिंग चालूच राहतो, नवा सुरू होत नाही. व्हॉट्सॲप कॉल ठणठणीत, पण सातबाऱ्याची साइट उघडत नाही. कर्नल लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' ही ओळ सापडली की निकाल लागला.

काउंटर बघायची सोयच नसेल तर मोठा पिंग वापरा. गर्दी नसताना, पहाटे, केंद्रातल्या संगणकावरून थेट राउटरला ५६ बाइटचा आणि मग १४७२ बाइटचा. खराब तारेवर मोठी फ्रेम जास्त मरते, कारण जितके बिट जास्त तितकी एखादा उलटण्याची शक्यता जास्त. पहाटे दोन्ही स्वच्छ आणि दुपारी पीक विम्याच्या रांगेत गळती, तर राउटरच्या आत बघा. एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा लॉस दाखवणारं साधन) चालवत असाल तर मधल्याच एका टप्प्यावर ६० टक्के लॉस आणि पुढच्या सगळ्यांवर शून्य, असं दिसलं तर सोडून द्या. एमटीआरला मधल्या टप्प्यांकडून लागणारी 'टाइम एक्सीडेड' ही उत्तरं लिनक्स मोजून-मापून देतं. उत्तर मिळालं नाही म्हणून पॅकेट पुढे गेलं नाही असं होत नाही.

एवढं करूनही कर्नलवरच संशय राहिला तर जुनी आवृत्ती जरूर चढवा, पण केबलला हात न लावता. काढून पुन्हा खोचली की पिनेवरचा गंज घासला जातो आणि लॉस तात्पुरता थांबतो. मग जुन्या कर्नलनंच नेट सुधारलं असं सगळे म्हणतात, आणि छपरावरची केबल पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते.