एका क्लिकचं आयुष्य

मामांच्या आवाजात घबराट होती. "अरे, कॉम्प्युटरमध्ये १३ व्हायरस शिरलेत म्हणतोय! मी काही उघडलेलंसुद्धा नाही." जाऊन पाहिलं तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक लाल चौकोन आणि त्यात 'आत्ताच साफ करा' असं बटण. मी तो चौकोन बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा हजर. व्हायरस अजून १३च. तेवढ्या वेळात ना एक वाढला, ना एक मेला.

मामांनी तोवर आपले उपाय करून पाहिले होते. हिस्टरी पुसली, मशीन बंद-चालू केलं, आणि डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून सात-आठ वेळा 'रिफ्रेश'. हा रिफ्रेश म्हणजे संगणकाचा अंगारा आहे. त्याने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा वाचून पुन्हा मांडले जातात, बस. मशीन ताजंतवानं वगैरे काही होत नाही.

पण मामांचा प्रश्न रास्त होता. "ब्राउझरमध्ये पॉप-अप ब्लॉकर आहे म्हणतोस, मग हे आलं कुठून?" पॉप-अप म्हणजे न मागता उघडणारी खिडकी. याचं उत्तर द्यायचं तर तो ब्लॉकर नेमकं काय अडवतो ते पाहायला हवं. आणि त्यातली एक युक्ती मला इतकी आवडते की तिच्यासाठी थोडं आडवाटेला जातो.

जावास्क्रिप्ट या वेबपानं हलती-बोलती करणाऱ्या भाषेत 'विंडो डॉट ओपन' नावाची एक आज्ञा आहे. तिने वेबपान स्वतःहून नवी खिडकी उघडू शकतं. १९९०च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या साइटवर काम करणाऱ्या इथन झुकरमन यांनी या आज्ञेवर जाहिरात बसवली. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच अश्लील पानावर झळकली होती आणि कंपनी संतापली होती; तेव्हा जाहिरात पानापासून वेगळ्या खिडकीत दाखवावी, असा हा तोडगा. झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. तोडगा मात्र वणव्यासारखा पसरला होता. एक खिडकी मिटावी तर दोन उघडायच्या. शेवटी ब्राउझरनीच कडी घातली. २००४ साली विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ब्लॉकर आला.

आता गंमत अशी, की या ब्लॉकरला जाहिरात ओळखताच येत नाही. खिडकीत साबण आहे की परीक्षेचा निकाल, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो एवढंच विचारतो: ही खिडकी उघडायच्या आधी माणसाने काही केलं होतं का?

'काही' म्हणजे काय, हे एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्या, नियमावलीत काटेकोर लिहिलेलं आहे. माऊसचं बटण दाबलं, कळ दाबली, स्पर्श करून बोट उचललं, तर ती माणसाची कृती. नुसता माऊस फिरवला किंवा पान सरकवलं, तर नाही. कळफलकावरची एस्केप ही कळ मुद्दाम वगळलेली आहे. जो एस्केप दाबतो तो पळ काढतोय, त्याला नवी खिडकी कशाला हवी असेल? ज्याने हे लिहिलं त्याला माणूस कळत होता, असं मला वाटतं.

कृती झाली की ब्राउझर त्या पानाच्या नावे वेळ टिपून ठेवतो. तिथून काही सेकंद (क्रोममध्ये पाच) त्या पानाच्या हातात जणू एक चिठ्ठी असते. तेवढ्यात 'विंडो डॉट ओपन' म्हटलं तर खिडकी उघडते आणि चिठ्ठी फाडली जाते. दुसरी खिडकी हवी? दुसरा क्लिक आणा. ही नोंद ठेवायची रीतही झकास आहे. पानावर अजून एकही क्लिक झालेला नसेल तर वेळेच्या जागी 'अधिक अनंत' (कधीच न येणारी वेळ) असतं आणि चिठ्ठी वापरली गेली की 'उणे अनंत' (केव्हाच उलटून गेलेली वेळ). आताची वेळ नोंदलेल्या वेळेच्या पुढे आहे का, आणि नोंदलेली वेळ अधिक पाच सेकंद यांच्या आत आहे का, असे दोन प्रश्न विचारले की झालं. 'अधिक अनंत' पहिल्या प्रश्नात नापास होतं, 'उणे अनंत' दुसऱ्यात. वेगळं काही तपासायची गरजच उरत नाही. (इथवर आलात तर अनंत विसरा, पाच सेकंद लक्षात ठेवा.) पानाने स्वतःच खोटा क्लिक घडवला तर? त्यावर ब्राउझर 'अविश्वासार्ह' असा शिक्का मारतो, चिठ्ठी देत नाही.

म्हणून जाहिरातवाले तुमचाच खरा क्लिक पळवतात. व्हिडिओच्या 'प्ले' बटणावर पारदर्शक थर पसरलेला असतो. पहिल्या क्लिकला जाहिरात उघडते, दुसऱ्याला व्हिडिओ. आणि पानावरच तरंगणारे चौकोन? ती खिडकीच नसते, पानाचाच तुकडा असतो, त्यामुळे ब्लॉकरला दिसत नाही. त्यासाठी यूब्लॉक ओरिजिन लाइटसारखं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतं, जे जाहिरातींच्या पत्त्यांची यादी बाळगतं आणि त्या पत्त्यांवरून काही येऊच देत नाही.

मामांचा लाल चौकोन यांतला कुठलाच नव्हता. तो होता नोटिफिकेशन. क्रोममध्ये २०१५ पासून साइटला तुमच्या परवानगीने निरोप धाडता येतात. ती साइट बंद असली तरी ब्राउझर मागे चालू असेपर्यंत निरोप येत राहतात. "मी कुठे परवानगी दिली?" मामा म्हणाले. दिली होती. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं कुठल्याशा पानावर आलं असणार, आणि मामांनी इमानदारीत सिद्ध केलं.

त्या १३ व्हायरसांचं म्हणाल, तर वेबपानाला आपणहून तुमच्या डिस्कमध्ये डोकावताच येत नाही. आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. असली 'साफसफाई'ची सॉफ्टवेअर घेऊ नका. बऱ्याचदा तीच जाहिराती घेऊन येतात. धमकीचं पान अख्खा पडदा व्यापून बसलं तर एस्केप दाबा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४. त्यातल्या नंबरवर फोन करू नका.

आम्ही क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गेलो. गोपनीयता आणि सुरक्षा, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या १९ साइट निघाल्या. त्याच पानावर साइटना नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्यायही असतो, तो निवडला. एक्स्टेन्शनची यादी पाहिली, ओळखीची नव्हती ती काढली. एवढं करूनही चौकोन आला असता तर मशीनवरचे प्रोग्रॅम तारखेप्रमाणे लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास काय बसलं ते शोधलं असतं. तशी वेळ आली नाही.

मी एकेक साइट काढत होतो आणि मामा चष्मा सावरून प्रत्येक नाव वाचत होते. १८ गेल्या. एकोणिसाव्यावर त्यांनी माझा हात धरला. "ही राहू दे रे. पावसाचं कळतं."