लिंकनच्या चेहऱ्यावरचा उजेड

अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईवडील वॉशिंग्टनला गेले की एक फोटो ठरलेलाच असतो. मागे खुर्चीत बसलेला संगमरवरी लिंकन, पुढे आपली माणसं. त्या फोटोतला लिंकन थकलेला, विचारात बुडालेला दिसतो. भुवयांखाली सावली असते, गालांच्या खळग्यांत सावली असते आणि नजर खाली कलल्यासारखी वाटते. ३० मे १९२२ रोजी स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा मात्र हा चेहरा असा दिसत नव्हता.

छताला अलाबामातल्या संगमरवराच्या पातळ पाट्या बसवल्या होत्या. त्यांतून उजेड झिरपावा म्हणून त्या पॅराफिन मेणात भिजवल्या होत्या. वरून मऊ उजेड येईल असा हिशोब होता, पण तो चुकला. पूर्वेच्या उघड्या बाजूने येणारं ऊन फरशीवर आपटून खालून चेहऱ्यावर जायचं. पुढे समोर लांबलचक तलाव झाला, मग पाण्यावरूनही तेच. मुलं अंधारात हनुवटीखाली बॅटरी धरून एकमेकांना घाबरवतात, तसा प्रकार झाला. भुवयांखालची सावली पुसली गेली, डोळे वटारल्यासारखे झाले आणि यादवी युद्धाचं ओझं वाहणारा माणूस दचकलेला दिसू लागला.

पुतळा घडवणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मानसन्मान भरपूर मिळाला होता. काम झालं, बिल चुकतं झालं, असं म्हणून ते बाजूला होऊ शकले असते. पण लिंकनच्या डोक्याच्या नमुन्यावर त्यांनी दोन तऱ्हांनी उजेड पाडला, फोटो काढले आणि ते शेजारी शेजारी ठेवून जबाबदार माणसांना दाखवले. एकच डोकं, पण एका फोटोत राष्ट्राध्यक्ष आणि दुसऱ्यात गोंधळलेला इसम. ही खटपट काही वर्षं चालली. शेवटी १९२०चं दशक संपता संपता छतात विजेचे दिवे बसले. आज आपण जो लिंकन पाहतो, तो त्या दिव्यांतला आहे.

फ्रेंच यांना उजेडाचं एवढं का पडलं होतं, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

त्यांचा जन्म २० एप्रिल १८५० चा, न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटर गावचा. वडील हेन्री फ्लॅग फ्रेंच वकील, पुढे न्यायाधीश, आणि शेतीतल्या पाण्याच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिणारे. सिव्हिलवाले ज्याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात त्याचा फ्रान्सशी संबंध नाही, ते नाव या वडिलांवरून पडलं. मुलगा मात्र शिक्षणात रमला नाही. एमआयटीत एक वर्ष काढलं, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि बीजगणित या विषयांनी दगा दिला. घरी त्याने सलगमाच्या कंदातून कोट घातलेला बेडूक कोरला आणि सावत्र आईने तिथल्या तिथे ओळखलं की याचा धंदा हाच. कुटुंब १८६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डला राहायला आलं होतं. तिथे शेजार इमर्सन आणि आल्कॉट यांच्यासारख्या लेखकांचा. लुईझा आल्कॉटची धाकटी बहीण मे हिने त्याला मातीकामाची हत्यारं दिली. रीतसर शिक्षण म्हणावं असं फार झालंच नाही. थोडी चित्रकला, शरीररचनेवरची काही व्याख्यानं आणि एका शिल्पकाराकडे महिनाभर उमेदवारी, बस.

तरी गावाने या पोरावर भरवसा टाकला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला, १७७५ साली, कॉन्कॉर्डच्या पुलावर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेवर बंदुका रोखल्या होत्या. त्याची शताब्दी आली होती आणि पुतळा हवा होता. फ्रेंच यांनी पवित्र्यासाठी बॉस्टनमधल्या अपोलो या ग्रीक देवाच्या मूर्तीच्या प्लास्टर प्रतीचा अभ्यास केला, पण उभा केला तो नांगर टाकून निघालेला शेतकरी. कोट नांगरावर टाकलेला, हातात बंदूक. यादवी युद्धातल्या निकामी तोफा वितळवून त्या ब्राँझमध्ये ओतकाम झालं. चौथऱ्यावर इमर्सनच्या कवितेचं कडवं कोरलं. १९ एप्रिल १८७५ रोजी अनावरण झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट हजर होते. शिल्पकार मात्र इटलीत होता, फ्लॉरेन्समध्ये थॉमस बॉल या अमेरिकी शिल्पकाराच्या हाताखाली शिकत. दुसऱ्या दिवशी त्याला पंचविसावं वर्ष पूर्ण झालं.

परत आल्यावर १८७९ मध्ये त्यांनी म्हाताऱ्या इमर्सनना समोर बसवून अर्धपुतळा केला. तो पाहून इमर्सन म्हणाले, ज्याची मी रोज दाढी करतो तो चेहरा हाच. मग कामं येतच गेली. १८८४ चा जॉन हार्वर्ड केला तेव्हा मूळ माणसाचं एकही चित्र उपलब्ध नव्हतं, म्हणून एका तरुणाला समोर बसवून चेहरा घडवला. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी ‘रिपब्लिक’ नावाची साठ फुटांहून उंच सोनेरी मूर्ती केली. ती प्लास्टरची असल्याने टिकणार नव्हतीच. आता शिकागोत उभी आहे ती १९१८ ची, लहान आणि ब्राँझची. कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवरची ‘आल्मा मातेर’ १९०३ ची. तिच्या वस्त्राच्या घडीत एक घुबड लपवलेलं आहे आणि नवे विद्यार्थी ते हुडकत बसतात.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते बॉस्टनच्या फॉरेस्ट हिल्स दफनभूमीतलं एक ब्राँझ उठावशिल्प. मार्टिन मिलमोर हा शिल्पकार १८८३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या स्मारकात फ्रेंच यांनी एक तरुण शिल्पकार दाखवला. तो स्फिंक्स कोरतो आहे, छिन्नी लावलेली आहे, हातोडा मागे घेतलेला आहे. एवढ्यात बाजूने पंख असलेली, डोक्यावरून वस्त्र ओढलेली मृत्युदेवता येते आणि हळूच छिन्नीला हात लावते. ओढणं नाही, झटापट नाही. एखाद्या आईने खेळणाऱ्या मुलाला ‘चल आता’ म्हणावं इतकंच. तरुण वळून पाहतो, त्याला अजून कळलेलं नाही.

याच शिल्पाची संगमरवरी आवृत्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. ब्राँझ उजेड परतवून लावतं. कडांवर चमक आणि खोलगट भागात काळोख, त्यामुळे वस्त्राखाली मृत्यूचा चेहरा जवळजवळ दिसेनासा होतो. संगमरवर उजेड थोडा आत घेतो, म्हणून तिथली सावलीही दुधाळ, आणि तोच चेहरा दिसतो, कनवाळू वाटतो. घडवणारा तोच, नमुना तोच. पण एकीकडे मृत्यू अनोळखी आहे आणि दुसरीकडे ओळखीची बाई.

मूर्ती घरात कशीही दिसो, ती जिथे उभी राहणार तिथल्या उजेडात कशी दिसते हेच खरं, हे फ्रेंच यांना पक्कं ठाऊक होतं. १८९६ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजजवळ एक शेत घेतलं. त्याचं नाव चेस्टरवुड. दोन वर्षांनी हेन्री बेकन या वास्तुविशारद मित्राने तिथे स्टुडिओ बांधून दिला. त्याला बावीस फूट उंच दारं होती आणि जमिनीत रेल्वेचे रूळ बसवलेले होते. रुळांवरच्या सपाट गाडीवर मूर्ती चढवायची, दारं उघडायची आणि सगळं ढकलत बाहेर उन्हात न्यायचं. फ्रेंच लांब जाऊन, खाली उतरून पाहायचे. मग गाडी परत आत आणि माती पुन्हा हातात. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना कारागीर मूर्ती पाटासकट दारापाशी आणतो, ते ज्याने पाहिलं असेल त्याला या रुळांचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

लिंकन स्मारकाची इमारत याच बेकन यांनी आखली. शिल्पकार निवडायची वेळ आली तेव्हा फ्रेंच सरकारी कला आयोगाचे अध्यक्ष होते. १९१४ च्या अखेरीस निवड झाली आणि त्यांनी आयोगाचं पद सोडलं. त्यांच्यासमोर लिंकनचा खरा चेहरा आणि खरे हात होते. १८६० मध्ये लेनर्ड व्होक या शिल्पकाराने लिंकनच्या चेहऱ्याचा आणि हातांचा प्लास्टरमध्ये साचा घेतला होता. हातांचा साचा घेतला तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर होऊन दोनच दिवस झाले होते आणि अभिनंदनाचे हात मिळवून मिळवून उजवा हात सुजला होता. मुठीत धरायला काहीतरी हवं, तर लिंकनने झाडूचा दांडा कापून आणला. ती सूज प्लास्टरमध्ये कायमची राहिली. स्मारकातल्या लिंकनचा डावा हात मूठ वळलेला आहे आणि उजवा सैल. ही ढब नेमकी जमावी म्हणून फ्रेंच यांनी स्वतःच्या हातांचेही साचे घेतले. ही बोटं म्हणजे मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेतली ‘ए’ आणि ‘एल’ ही अक्षरं, असं गाइड हमखास सांगतात. फ्रेंच यांनी १८८९ मध्ये मूकबधिरांचे शिक्षक गॅलोडेट यांचं शिल्प केलं होतं आणि त्यात ‘ए’ची खूण खरोखर आहे. तिथूनच ही कहाणी लिंकनला चिकटली असावी. फ्रेंच यांच्या मनात मूठ म्हणजे निर्धार आणि सैल हात म्हणजे दया एवढंच होतं.

आधी मूर्ती दहा फुटांची ठरली होती. इमारत उभी राहू लागल्यावर त्या दालनात ती हरवून जाईल हे दिसलं. मग नमुन्याचे फोटो खूप मोठे करून जागेवर लावून पाहिले आणि उंची एकोणीस फूट केली. जॉर्जियातल्या पांढऱ्या संगमरवराचे अठ्ठावीस ठोकळे लागले. वजन सुमारे १७५ टन.

हा संगमरवर फ्रेंच यांनी एकट्याने कोरला नाही. तो कोरला पिच्चिरिल्ली बंधूंनी. बाप जुझेप्पे आणि सहा मुलगे, इटलीतल्या मासा-करारा या संगमरवराच्या मुलखातून १८८८ मध्ये अमेरिकेत आलेलं पाथरवटाचं घर. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्यांचा कारखाना होता. शिल्पकार माती आणि प्लास्टरचा नमुना द्यायचा. मग पॉइंटिंग मशीनने नमुन्यावरच्या एकेका बिंदूची खोली मोजून दगडात तेवढंच भोक पाडायचं, आणि भोकांच्या तळापर्यंत छिन्नीने दगड उतरवायचा. अशी भोकं असंख्य. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे सिंह आणि तिथल्या जुन्या कस्टम हाउससमोरचे फ्रेंच यांचीच पृथ्वीच्या चार खंडांची शिल्पं, सगळं याच घराच्या हातचं. लिंकनवर शेवटचा हात फ्रेंच यांनी स्वतः फिरवला हे खरं. पण अठ्ठावीस ठोकळे असे जुळवले की सांधा शोधावा लागतो, ते कसब या भावांचं. पर्यटकांच्या माहितीत त्यांचं नाव मोठ्या अक्षरात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उद्घाटनाच्या दिवशी टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन हे कृष्णवर्णीय वक्ते बोलले, तेही भाषणाला स्मारक आयोगाची कात्री लागल्यावर. कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळ्या जागी बसवलं होतं. गुलामगिरी संपवणाऱ्या माणसाच्या स्मारकात! पुढे ९ एप्रिल १९३९ रोजी कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन याच पायऱ्यांवर गायल्या आणि २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेव्हा मागे तोच पुतळा होता.

बेकन १९२४ मध्ये वारले, दिवे बसलेले त्यांना पाहता आले नाहीत. फ्रेंच ७ ऑक्टोबर १९३१ पर्यंत जगले आणि चेस्टरवुडलाच गेले. शेवटची मूर्ती ‘अँड्रोमेडा’, संगमरवरातली, खडकाला बांधलेली मुलगी. त्यांची मुलगी मार्गारेट हिने १९६९ मध्ये चेस्टरवुडची वास्तू राष्ट्रीय वारसा संस्थेला दिली. अँड्रोमेडा आजही त्याच स्टुडिओत आहे, आणि उंच दारातून बाहेर उन्हात जाणारे रूळही.