व्यक्तिओळख (मेंदूविज्ञान)

व्यक्तिओळख : समोरचे माणूस कोण, हे चेहरा, अंगलट, चाल आणि आवाज यांवरून ठरवण्याची मेंदूची क्रिया. एक वाट बंद झाली तरी मेंदू दुसरीने त्याच माणसापाशी पोहोचतो.

विदर्भात तुरीच्या वावरात रानडुकरांसाठी जागलीला बसलेला शेतकरी अंधारात धुऱ्यावरून येणाऱ्याला विचारतो, ‘कोन व्हय?’ उत्तर येते, ‘मी व्हय.’ नाव कोणी सांगत नाही आणि ते लागतही नाही. स्वरतंतूंची लांबी-जाडी आणि घशा-तोंडाच्या पोकळीची घडण माणसागणिक वेगळी असते. तिचा ठसा एवढ्याशा शब्दांवरही उमटतो. मानवी आवाजाला इतर ध्वनींपेक्षा जास्त प्रतिसाद देणारे भाग मेंदूच्या शंखखंडात, म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूला, असल्याचे पास्कल बेलँ आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले. आईचा आवाज तर नवजात बाळही निवडून काढते.

मे महिन्याच्या उन्हात तोंडाला दुपट्टा बांधून निघालेला माणूस लांबूनच चालीवरून ओळखू येतो. मेंदूत शरीराच्या आकृतीसाठीही वेगळा भाग आहे. त्याचे वर्णन 2001 मध्ये झाले. चालीचे महत्त्व त्याआधीच कळले होते. 1977 च्या एका प्रयोगात चालणाऱ्यांच्या फक्त सांध्यांवरचे प्रकाशबिंदू दिसत होते, तरी मित्रांनी एकमेकांना निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखले.

चेहऱ्याचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. मेंदू नाक, डोळे, ओठ सुटेसुटे मोजत नाही. त्यांची एकमेकांशी असलेली ठेवण एकदम टिपतो. म्हणूनच फोटो उलटा धरला की ओळखीचा चेहराही चटकन ओळखू येत नाही, आणि हा फटका इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना जास्त बसतो, हे रॉबर्ट यिन यांनी 1969 मध्ये नोंदवले. शंखखंडाच्या तळाशी, विशेषतः उजव्या बाजूला, चेहऱ्यांना खास प्रतिसाद देणारा पट्टा आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये त्याला ‘फ्युजिफॉर्म फेस एरिया’ हे नाव दिले. चेहरा दिसल्यावर सुमारे 170 मिलिसेकंदांत मेंदूच्या विद्युतलहरींत त्याची खूण उमटते.

ही हुशारी ओळखीच्या माणसांपुरती आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. अनोळखी माणसाचे दोन वेगळे फोटो आपण सहज दोन माणसांचे समजतो. गावातल्या माणसाला मात्र आपण उन्हात, पावसात, आजारपणात, लग्नात वर्षानुवर्षे पाहिलेले असते. ब्रूस आणि यंग यांच्या 1986 च्या मांडणीनुसार आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग माणसाची माहिती जागी होते आणि नाव सर्वांत शेवटी येते. आठवडी बाजारात भेटलेल्या माणसाचे गाव, वावर, सोयरीक सगळे आठवते आणि नाव तेवढे जिभेवर अडते, ते यामुळेच.

चेहरा ओळखण्याची शक्तीच नसणे याला ‘प्रोसोपॅग्नोसिया’ म्हणतात; ही संज्ञा योआखिम बोडामर यांनी 1947 मध्ये वापरली. पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्याने हे होते, तसे काहींना ते जन्मापासूनच असते. नजर आणि बुद्धी शाबूत असते, पण घरच्यांचाही चेहरा परका वाटतो. खेड्यात अशा माणसाचे फार हाल होतात. सोयऱ्याला रामराम न घालता पुढे गेला की ‘आता ओळखही देत नाही’ असा बोल लागतो आणि तो गर्विष्ठ ठरतो. हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. आवाज, चाल, केसांची ठेवण, बांगड्यांचा नाद यांवर तो कसेबसे भागवतो. याच्या उलट, आवाज ऐकू येतो पण कोणाचा ते कळत नाही, अशीही अवस्था असते. ती विरळ आहे.

1923 मध्ये वर्णन झालेल्या ‘कॅपग्रा’ विकारात चेहरा ओळखला जातो, पण आपलेपणा जागा होत नाही. रुग्ण म्हणतो, हा माझ्या बापासारखा दिसतो, पण बाप नव्हे. अशाला ‘बाहेरचे झाले’ म्हणून देवऋष्याकडे नेण्यात उपचाराचा वेळ जातो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तपासलेल्या एका तरुणाला अपघातानंतर आईवडील समोर आले की तोतये वाटत. तेच फोनवर बोलले, की त्याला कसलीच शंका येत नसे.