जुन्या पिकअपचा हॉट रॉड : नाशिकमधल्या पासिंगच्या वादाची पार्श्वभूमी

अंबड-सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये जुन्या पिकअपचा हॉट रॉड, म्हणजे हलकी, बुटकी करून ताकदीचं इंजिन बसवलेली जुनी गाडी, उभा राहतो, तेव्हा बघायला येणारे हॉर्सपॉवर विचारत नाहीत, पासिंगचं काय ते विचारतात. गाडी घडवणाऱ्यापेक्षा तिचे कागद सांभाळणाऱ्याचा घाम जास्त निघतो, अशी आजची स्थिती आहे. इंजिन बदललेल्या गाडीची नोंद आरटीओत अडते, आणि कारागीर म्हणतात गाडी तपासून ठरवा, हा तो वाद. ती एका रात्रीत आलेली नाही. तिच्यामागे हॉट रॉड जिथे रुजला तो कॅलिफोर्निया कमी आणि आपल्याकडची सत्तर-ऐंशी वर्षांची गाड्या जगवण्याची रीत जास्त आहे.

अमेरिकेतला भाग थोडक्यात. 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड पळवायची. 1932 साली फोर्डने स्वस्तात व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं. 221 क्युबिक इंच आणि 65 हॉर्सपॉवर. वजन काढायचं, मडगार्ड उतरवायचे, टप कापून बुटका करायचा, बॉडी चेसीसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) खाली बसवायची, ही पद्धत तिथे रुळली. महायुद्धावरून परतलेल्या तरुणांनी ती वाढवली. 1955 मध्ये शेवरोलेचं छोट्या ठेवणीचं व्ही-8 आलं आणि जुनं फोर्ड इंजिन मागे पडलं. पिकअप या खेळात आली ती स्वस्त म्हणून. शेतावर झिजलेली गाडी, आखूड केबिन, सरळ शिडीसारखी चेसीस. बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, म्हणून काम सोपं.

आपल्याकडे जुन्या अमेरिकी पिकअप आणि ट्रक आले ते दोन वाटांनी. एक, 1920 च्या दशकापासून सुट्या भागांपासून मुंबईत होणारी जुळणी. शेवरोले तर शिवडीलाच जोडल्या जायच्या. दुसरी वाट महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांची. शेजारी देवळालीची छावणी असलेल्या नाशिकला लष्करी गाडी नवलाची नव्हती. मग 1953 मध्ये सरकारने ठरवलं, की ज्या कंपन्यांकडे सुटे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. मोठ्या अमेरिकी जुळणी कंपन्या गेल्या, गाड्या मात्र राहिल्या. कुर्ल्यात बनणाऱ्या फार्गो आणि डॉज गाड्या, तसंच विलीज जीप आणि तिच्यावर बेतलेल्या पिकअप पुढेही निघत राहिल्या, पण शेवरोलेवाल्याला सुट्या भागासाठी भंगार बाजाराशिवाय दार उरलं नाही.

आजच्या वादाची मुळं इथेच आहेत, आणि त्याकडे हवं तेवढं लक्ष दिलं जात नाही. मालवाहू गाडी त्या काळी बहुतेक वेळा नुसती चेसीस आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढीच विकली जायची. केबिन आणि हौदा इथला सुतार, लोहार, डेंटर बांधायचा. लाकडी सांगाडा, वर पत्रा, मागे साखळीने अडकवलेला फाळका. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा इंजिनही बदललं. मद्रासला बनणारं पर्किन्सचं डिझेल इंजिन किती जुन्या ट्रकांच्या बोनेटखाली गेलं असेल! 1973 च्या तेलसंकटानंतर तर जीप आणि तिच्या पिकअपही डिझेलवर जायला लागल्या. मालक अर्ज करायचा, इन्स्पेक्टर गाडी बघायचा, आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढायचा आणि गाडी द्राक्षाच्या पेट्या भरून पिंपळगावच्या रस्त्याला लागायची.

नाशिकमध्ये हे काम सुबक व्हायचं, त्याला कारण आहे. 1960 च्या दशकात ओझरला विमान कारखाना आला, सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे डिझेल इंजिनाचे नोझल बनवणारा कारखाना, जीप आणि पिकअप बनवणारा कारखाना आणि इगतपुरीला त्याच गाड्यांचं इंजिन बनवणारा प्रकल्प आला. हजारो टर्नर, फिटर, वेल्डर या शहरात तयार झाले. सुटी झाल्यावर यांतले किती तरी जण मित्राच्या गॅरेजमध्ये हात काळे करायचे. ॲडॉप्टर प्लेटचंच बघा. जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी वेगळ्या कंपनीचं इंजिन जोडायचं तर मध्ये जाड लोखंडी चकती लागते. एका अंगाला इंजिनच्या बोल्टची भोकं, दुसऱ्या अंगाला बेलहाऊसिंगची, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाची. दोन्हींचा मध्य केसभर सरकला तरी क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत आवाज करायला लागतं. ही चकती लेथवर डायल लावून तपासून देणारे कारागीर नाशिकमध्ये होते आणि आहेत. नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसातली इसुझुची इंजिनं जीपमध्ये बसायला लागली ती अशाच हातांनी. आज हॉट रॉड बांधणारे याच लोकांचे शागीर्द आहेत. जुगाड म्हणून त्यांची बोळवण करणं अन्यायाचं आहे.

आता कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मुळात वाट मोकळी होती. गाडीत बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला नोटीस द्या, मंजुरी घ्या, मग करा. सुटी साधनं लावल्या-काढल्याने रिकाम्या गाडीच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला तर मंजुरीचीही गरज नव्हती. 2000 साली या कलमाची भाषा बदलली. उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवले, त्यांच्याशी आरसीतले तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही, असा नवा मजकूर आला. इंधन बदलण्यासारखे मोजके अपवाद ठेवले गेले. जिथे अधिकारी गाडी बघून ठरवायचा, तिथे कारखान्याचा कागद ठरवायला लागला.

तरी बरीच वर्षं हा मजकूर पुस्तकातच राहिला. राज्याराज्यांचे नियम वेगळे होते आणि उच्च न्यायालयांतही एकवाक्यता नव्हती. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ती चर्चा संपवली. राज्याचा नियम कलम 52 च्या वर जाऊ शकत नाही, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदवता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदलाला शिक्षाही आली : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

निकालामागची काळजी खरी आहे. मोठे टायर, कापलेली चेसीस, डोळे दिपवणारे दिवे लावून महामार्गावर सुसाट जाणाऱ्या गाड्या आपणही बघतो. जुन्या पिकअपमध्ये तर धोका आणखी मोठा. विलीजच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे 75 हॉर्सपॉवर, ब्रेक चारही ड्रमचे, ब्रेकला जोर देणारा बूस्टर नाही. त्यात स्कॉर्पिओचं 120 हॉर्सपॉवरचं इंजिन घातलं आणि ब्रेक, स्टिअरिंग बॉक्स, पाटे (सस्पेन्शन) तसेच ठेवले, तर ती गाडी कसारा घाटात उतरवणाऱ्याने स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्याही जिवाशी खेळ मांडला आहे. पण ब्रेक सुधारून डिस्क लावणाऱ्याला आणि काहीच न सुधारणाऱ्याला हा मजकूर एकाच तराजूत तोलतो. शिवाय 1947 च्या ज्या ट्रकची केबिन नाशिकच्या सुताराने बांधली, इंजिन सरकारी मंजुरीने साठच्या दशकात बदललं, त्याचं उत्पादकाने ठरवलेलं मूळ रूप कोणतं धरायचं? कारखान्याने तर फक्त चेसीस दिली होती.

2021 च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले तेव्हा अनेकांच्या आशा पालवल्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अटी वाचल्या की हॉट रॉड बाहेरच राहतो. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, वापर खासगी आणि बिगरव्यावसायिक हवा. रस्त्यावर काढायची तीही प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरती. आयुष्यभर माल वाहिलेली आणि तीनदा रूप पालटलेली पिकअप इथे कशी बसणार? जुन्या गाड्यांचे जाणकार या अटींच्या बाजूने आहेत. दुर्मीळ शेवरोले कापली की ती कायमची गेली, हे त्यांचं म्हणणं अस्सल गाडीबाबत सोळा आणे खरं आहे. भंगारात निघालेल्या, निम्मी चेसीस आणि दोन दरवाजे उरलेल्या सांगाड्याला मात्र ते लागू पडत नाही.

भंगाराचा विषय निघाला म्हणून : अंबड लिंक रोडचा भंगार बाजार जानेवारी 2017 मध्ये महापालिकेने जमीनदोस्त केला. ती दुकानं अनधिकृत होती, कारवाई न्यायालयाच्या आदेशाने झाली. नंतर काही पुन्हा उभी राहिली, पण जुन्या एक्सलची जोडी किंवा फार्गोचं बोनेट कुणाच्या ढिगात पडलंय हे सांगणारी माणसं विखुरली ती विखुरलीच. तेव्हापासून सुट्या भागांसाठी मालेगाव आणि मुंबईच्या खेपा वाढल्या.

सध्या इथले बहुतेक जण चेसीसवरचा नंबर कोरलेला भाग हात न लावता जपतात. पासिंगच्या वेळी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात, आणि तो ठसा नीट उमटला नाही तर पुढचं काहीच हलत नाही. म्हणून तिथला रंगही सॅंडपेपरने हलकेच काढतात. मूळ इंजिन विकत नाहीत, ग्रीस लावून पेटीत ठेवतात. पूर्ण बदललेल्या गाड्या ट्रेलरवरून प्रदर्शनाला जातात किंवा द्राक्षबागेच्या बांधाच्या आतच फिरतात.

यावर उपाय नाही असं नाही. ब्रिटनमध्ये मोठा बदल केलेल्या गाडीची ओळख ठरवायला वर्षानुवर्षं गुण मोजले गेले : मूळ चेसीसचे 5, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी 2, इंजिनाचा फक्त 1. चेसीसच्या पाच गुणांसह एकूण आठ झाले की गाडीचा जुना नंबर टिकायचा, नाही झाले तर स्वतंत्र तपासणी व्हायची. या हिशोबाने मूळ चेसीस, एक्सल आणि स्टिअरिंग राखून फक्त इंजिन, गिअरबॉक्स आणि पाटे बदललेली विलीज पिकअप नऊ गुणांनी पास होते. नाशिकच्या, म्हणजे एमएच-15 च्या आरसीवर तीच गाडी इंजिन नंबरापाशी अडते. गाडी उभी करून ब्रेक तपासावेत, स्टिअरिंग तपासावं आणि मग हो किंवा नाही म्हणावं, एवढीच इथल्या कारागिरांची मागणी आहे. 2000 सालापर्यंत त्यांना ती मागावीही लागत नव्हती.