येताना तपासलेली उत्तरपत्रिका आणा
इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोलाच्या वैयक्तिक शिकवणीबद्दल पालकांसाठी माहिती

सहामाहीच्या उत्तरपत्रिका हातात पडल्या की आमचा फोन वाजू लागतो, आणि पलीकडचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘बाकी सगळं ठीक आहे हो, फक्त सनावळ्या लक्षात राहत नाहीत त्याच्या.’

तुम्ही शाळेत असताना हे खरे असेल. आता राज्य मंडळाचे दहावीचे इतिहासाचे पुस्तक जरा उघडून बघा. पहिले दोन धडे इतिहास लिहायचा कसा यावर आहेत. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. लढाया नाहीत, तह नाहीत, सनावळ्या अगदी मोजक्या. तरीही मुलाचे गुण जात असतील तर ते दुसरीकडेच कुठेतरी जातात. कुठे, ते त्याच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेत लाल शाईने लिहिलेले असते. नेमकी तीच घरी राहते, किंवा सही करून शाळेला परत गेलेली असते.

म्हणून एकच विनंती. पहिल्या भेटीला येताना मागच्या दोन परीक्षांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि त्यांच्या प्रश्नपत्रिका आणा. शाळा परत मागत असेल तर सही करण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरे सोडलेले पानसुद्धा. प्रगतिपुस्तक आणले नाही तरी चालेल. ‘40 पैकी 23’ एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. मग मुलाला पुन्हा लिहायला बसवून, तपासून दोष शोधावा लागतो. त्यात आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांची फी तुम्हीच भरता.

काय दिसते उत्तरपत्रिकेत? एक नेहमीचे उदाहरण. राज्यशास्त्रात ‘चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न असतो. विधान समजा असे : निवडणूक आयोग निवडणुकीच्या काळात आचारसंहिता लागू करतो. मुलगी लिहिते : ‘बरोबर. आचारसंहिता म्हणजे राजकीय पक्ष, उमेदवार व सरकारने पाळायचे नियम.’ यात चुकीचे काहीच नाही, पण ही व्याख्या झाली. कारण कुठे आहे? सत्तेतल्या पक्षाने सरकारी यंत्रणा आणि नव्या घोषणा मतांसाठी वापरू नयेत, निवडणूक मोकळ्या वातावरणात व्हावी, हे लिहिलेच नाही. दोनपैकी एक गुण. अशी चार उत्तरे झाली की चार गुण गेले. घरी मात्र निष्कर्ष निघतो की पाठांतर कमी पडते! मग ती तीच व्याख्या आणखी घोटून पाठ करते आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा तीच लिहून येते.

दुसरा प्रकार सरमिसळीचा. ‘वंचितांचा इतिहास’ यावर टीप मागितली की मार्क्सवादी इतिहासलेखनाचे उत्तर उतरते. दोन्हींत दबलेल्या माणसांचा विषय आहे, त्यामुळे मुले गोंधळतात. उत्पादनाची साधने, वर्गसंघर्ष, इतिहासकार दामोदर कोसंबी हे एका खणात. लोकपरंपरेतून तळागाळातल्या लोकांचा इतिहास शोधणे आणि इतिहासकार रणजित गुहा दुसऱ्या खणात. समोर बसून वीस मिनिटे बोलले की हे सुटते. मात्र गोंधळ इथेच आहे हे आधी कळायला हवे.

तिसरा प्रकार म्हणजे दोन गुणांच्या टिपेला दोन पाने. याला औषध सरावाचेच, त्यावर जास्त बोलत नाही.

एका वेळी एकच विद्यार्थी का, हेही नेहमी विचारतात. ‘दोघी बहिणीच आहेत, शेजारी बसतील’ असा प्रेमळ आग्रह असतो. बसतील, पण दोघींच्या चुका वेगळ्या निघतात आणि एकीचे सुधारताना दुसरी खिडकीबाहेर बघत बसते. धडे पूर्ण करून घेणे हे शाळेचे आणि मोठ्या क्लासचे काम आहे, ते तिथे होतेही. आमच्याकडे मुलगा समोर बसून लिहितो, मोठ्याने वाचतो आणि ‘कशामुळे?’ या प्रश्नाला तोंड देतो. छापील नोट्स आम्ही देत नाही. गाईड तुमच्या घरी आहेच, त्यात आमची भर कशाला?

‘कशामुळे’ची सवय लावायला ठाण्यासारखे गाव नाही. सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही मध्यवर्ती कारागृहाची गोष्ट विचारतो. रोज समोरून जाणाऱ्या मुलांनाही हा ठाण्याचा किल्ला आहे हे ठाऊक नसते. 1737 मध्ये तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होता, आणि 1816 मध्ये तो इथून निसटला. पहारा गोऱ्या शिपायांचा. बाहेर एक मोतद्दार घोड्यांची देखभाल करताना मराठीत गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून आत निरोप पोचत, असे सांगतात. पहारेकऱ्यांना मराठी कुठे कळायला! इथवर मुले मजेत ऐकतात. मग पुढचे काम त्यांचे : या सुटकेचा इंग्रज आणि बाजीराव यांच्यातल्या 1817 च्या पुणे तहाशी काय संबंध, आणि त्या तहाचा त्याच वर्षीच्या खडकीच्या लढाईशी? तीन वाक्यांत, प्रत्येकात एक कारण. हे जमले की ‘सकारण स्पष्ट करा’ची भीती जाते.

सीबीएसईच्या पालकांसाठी थोडे वेगळे. तिथे सामाजिक शास्त्रांचा पेपर 80 गुणांचा असतो. त्यात आम्ही आधी उताऱ्यावरचे प्रश्न बघतो आणि मग नकाशा. नकाशाचे 5 गुण हातचे असतात आणि तेच सर्रास सोडलेले दिसतात. आयसीएसईचा इतिहास-नागरिकशास्त्राचा पेपर स्वतंत्र असतो. त्यासाठी शाळेतल्या प्रकल्पाची वहीही आणा. प्रकल्प आम्ही करून देत नाही, कृपया विचारू नये.

‘या विषयाला वेगळी शिकवणी कशाला’ असे आजी-आजोबा म्हणतात, त्यांच्यासाठी एक हिशोब. राज्य मंडळाच्या दहावीत इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40 आणि अंतर्गत मूल्यमापन 20, असे सामाजिक शास्त्रांचे 100 गुण होतात. गणिताचेही 100च. गणितात दहा गुण वाढवायला वर्ष लागू शकते. इथे वाचता-लिहिता येणाऱ्या मुलाला त्याहून बराच कमी वेळ पुरतो, हा आमचा अनुभव. हमी देत नाही. हमी देणाऱ्यांच्या पाट्या गोखले रोडवर भरपूर आहेत.

पहिल्या भेटीची फी नाही. उत्तरपत्रिका आणल्या असतील तर त्याच तासात गुण कुठे जातात आणि साधारण किती तास लागतील ते सांगतो. कधी कधी ‘शिकवणीची गरज नाही, घरी रोज दोन उत्तरे लिहून घ्या’ एवढेच सांगून परत पाठवतो. उत्तरपत्रिका नसतील तर भेट पुढे ढकलू, राग मानू नये.

पूर्वपरीक्षा जानेवारीच्या आसपास असते. त्यानंतर आलेल्या मुलांना आम्ही फक्त पेपर लिहायचा सराव देऊ शकतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच आलात तर संध्याकाळचे तासही मिळतात. डिसेंबरात सकाळचे सात ते नऊच उरतात. घोडबंदर रोड आणि ऐरोली-वाशीकडच्या मुलांसाठी ऑनलाइन तास आहेत. त्यासाठी फोटो आदल्या रात्री, सरळ धरून काढलेले आणि पानांच्या क्रमाने पाठवा.